दऱ्यांचा दर्या होऊ नये म्हणून : स्वतःच्या सर्व्हरवरचा मराठी ब्लॉग वर्डप्रेसवरून ह्यूगोवर नेताना

सांधण दरीवरच्या माझ्या एका जुन्या पोस्टमध्ये वाक्य होतं : ‘साम्रद मागे पडलं आणि पुढे नुसत्या दऱ्या.’ ब्लॉग वर्डप्रेसवरून ह्यूगोवर, म्हणजे ब्लॉग चालवणाऱ्या एका प्रणालीवरून दुसरीवर, हलवला आणि आठवड्याभराने एका जुन्या वाचकाचा निरोप आला, ‘ताई, साम्रदच्या पुढे दर्या कुठून आला?’ उघडून पाहिलं तर खरंच तसं होतं. ‘पुढे नुसत्या दर्या.’ खालच्या ओळी वाचत गेले तसं पोटात गोळा आला. ‘पायऱ्या’च्या ‘पायर्या’ झाल्या होत्या, ‘खोऱ्यात’चं ‘खोर्यात’, ‘वाऱ्यावर’चं ‘वार्यावर’. २००९ पासूनच्या लिखाणात जिथे जिथे र पापणीसारखा आडवा वळतो, तिथे तिथे तो उडून पुढच्या अक्षराच्या डोक्यावर रफार होऊन बसला होता.

ब्लॉग कसा हलवायचा हे शोधलं की बहुतेक ठिकाणी तीन पायऱ्यांत काम उरकलेलं दिसतं : एक्सपोर्ट करा, रूपांतर करा, अपलोड करा. इंग्रजी ब्लॉगचं तेवढ्यावर बरंचसं भागतं. मराठीचं भागत नाही. रंगरूप, मेनू, साइडबार या गोष्टी नव्या जागी पुन्हा करता येतात. दोन गोष्टी मात्र एकदा गेल्या की परत आणणं महाकठीण. एक म्हणजे अक्षरं, आणि दुसरी म्हणजे लोकांनी जपून ठेवलेले प्रत्येक पोस्टचे पत्ते. या लेखात मी मुख्यतः त्या दोन गोष्टींबद्दलच लिहिते आहे.

मुळात हलवायचं कशाला

वर्डप्रेसबद्दल माझी तक्रार नाही. मॅट मुलेनवेग आणि माइक लिटल यांनी बी-टू नावाच्या, वाऱ्यावर सोडलेल्या एका ब्लॉगप्रणालीवरून ते उभं केलं आणि २७ मे २००३ ला त्याची पहिली आवृत्ती आली. पुढच्याच वर्षी, २००४ मध्ये, तेव्हाच्या लोकप्रिय मूव्हेबल टाइपने आपल्या परवान्याच्या अटी आणि दर बदलले, आणि कितीतरी ब्लॉगवाल्यांनी आपलं बिऱ्हाड उचलून वर्डप्रेसमध्ये मांडलं. म्हणजे हे हलवाहलवीचं प्रकरण ब्लॉगांइतकंच जुनं आहे.

फरक आहे तो काम करण्याच्या पद्धतीत. वर्डप्रेस म्हणजे गिऱ्हाईक आलं की तवा तापवणारी खानावळ. कुणी पान मागितलं की पीएचपी (वर्डप्रेस ज्या भाषेत लिहिलं आहे ती) जागं होतं, मायएसक्यूएल या डेटाबेसला विचारून मजकूर काढतं, थीममध्ये घालतं, पान तयार करून वाढतं. ह्यूगो म्हणजे सकाळीच डबे भरून ठेवणारं पोळीभाजी केंद्र. तुम्ही साध्या मजकुराच्या फायली लिहायच्या, एक आज्ञा द्यायची, आणि सगळ्या ब्लॉगची तयार पानं एका फोल्डरमध्ये पडतात. ती सर्व्हरवर ठेवायची, बस. डेटाबेस नाही, पासवर्डचं पान नाही, दर महिन्याला अपडेट मागणारे प्लगइन नाहीत. स्टीव्ह फ्रान्सिया यांनी २०१३ मध्ये गो या भाषेत तो लिहायला घेतला, आणि शेकडो पानांचा ब्लॉग तो काही सेकंदांत बांधून देतो.

महिन्यातून दोनदा एकटीने लिहिणाऱ्या माझ्यासारखीला हे पुरेसं आहे. पण चार-पाच जण मिळून लिहीत असाल, मोबाइलवरूनच पोस्ट टाकत असाल किंवा ब्लॉगवर काही विकत असाल, तर वर्डप्रेस सोडू नका. वाचकांना ई-मेलने पत्र पाठवणं हाच मुख्य उद्योग असेल तर घोस्ट ही दुसरी ब्लॉगप्रणाली बघा, त्यात ती सोय मुळातच आहे. नुसती फॅशन म्हणून ह्यूगोवर जाण्यात अर्थ नाही. हे काम वेळ खातं.

एक्सपोर्टच्या फाईलमध्ये काय असतं, काय नसतं

वर्डप्रेसच्या ‘साधने’मधून एक्सपोर्ट केलं की एक एक्सएमएल फाईल हातात येते. तिच्यात पोस्ट, पानं, वर्गवारी, टॅग आणि वाचकांच्या प्रतिक्रिया असतात. फोटो नसतात. फोटोंचे फक्त पत्ते असतात. हे न कळल्यामुळे जुनं होस्टिंग आधी बंद करून मग फोटो शोधत बसलेली माणसं मी पाहिली आहेत. म्हणून पहिलं काम : अपलोड्सचं अख्खं फोल्डर एफटीपीने (सर्व्हरवरून फायली उतरवण्याच्या पद्धतीने) उतरवून घ्यायचं, डेटाबेसचा वेगळा डंप, म्हणजे पूर्ण प्रत, काढायचा, आणि एक्सएमएलची एक प्रत कुठेतरी अशी ठेवायची की तिला पुन्हा हात लागणार नाही. माझ्या दऱ्या मला त्याच प्रतीतून परत मिळाल्या.

डेटाबेसचा डंप उघडून पाहिलात तर घाबरू नका. पोस्टच्या तक्त्यात ४०० पोस्टच्या जागी हजारो ओळी दिसतील, कारण वर्डप्रेस प्रत्येक पोस्टचे जुने खर्डे, फोटोंच्या नोंदी आणि मेनूतले घटकसुद्धा त्याच तक्त्यात ठेवतं.

आता मजकूर. २०१८ च्या डिसेंबरात वर्डप्रेस ५.० बरोबर ठोकळ्यांचा नवा संपादक आला. त्याआधीच्या पोस्टमध्ये एक गंमत आहे : परिच्छेदाच्या खुणा डेटाबेसमध्ये साठवलेल्याच नसतात. तुम्ही दोनदा एंटर मारलेलं असतं आणि पान दाखवताना वर्डप्रेस ऐन वेळी त्याचे परिच्छेद करतं. कच्चा मजकूर उचलून सरळ एचटीएमएल (वेबपानांची भाषा) म्हणून कुठे टाकलात तर पूर्ण रतनगड एका दमात चढावा तसा अख्खा लेख एकाच परिच्छेदात येतो. रूपांतर करणारं चांगलं साधन हे ओळखतं, तरी २०१० ची एक पोस्ट आणि २०२० ची एक पोस्ट अशी जोडी आधी तपासून बघावी.

फोटोंची गॅलरी, फोटोखालची ओळ, नकाशा हे सगळं चौकोनी कंसातल्या छोट्या आज्ञांनी चालतं. वर्डप्रेस गेलं की त्या आज्ञा समजणारं कुणी उरत नाही आणि कंस तसेच वाचकाला दिसतात. एक्सएमएलमध्ये चौकोनी कंस शोधून त्यांची यादी करा. माझ्याकडे पाच प्रकारच्या आज्ञा निघाल्या. त्यांतल्या तीन प्रकारांसाठी मी ह्यूगोमध्ये तशीच सोय केली, उरलेल्या हाताने बदलल्या.

आणखी एक. ह्यूगो मार्कडाउन, म्हणजे साध्या खुणांनी सजवलेला मजकूर, वाचतो. मार्कडाउनमध्ये कुठे कच्चं एचटीएमएल आलं तर सुरक्षिततेसाठी तो ते न दाखवता गाळून टाकतो, आणि पान बाकी ठीक दिसत राहतं. जुन्या पोस्टमधले तक्ते आणि व्हिडिओ याच कारणाने गायब होतात. सगळा मजकूर आपलाच असेल तर सेटिंगमध्ये एका ओळीने ही परवानगी देता येते.

अक्षरं

संगणक देवनागरीचं प्रत्येक अक्षरचिन्ह यूटीएफ-८ या पद्धतीत तीन बाइटांत ठेवतो. जुन्या मायएसक्यूएलला मात्र, वेगळं सांगितलं नाही तर, लॅटिन-१ ही युरोपी लिपीची सांकेतिक पद्धतच ठाऊक होती. तिच्यात एक बाइट म्हणजे एक अक्षर. कंपनी स्वीडनची, म्हणून अक्षरांचा क्रमही स्वीडिश भाषेचा. वर्डप्रेसने डेटाबेसशी कोणत्या पद्धतीत बोलायचं हे २००७ मधल्या २.२ या आवृत्तीपासून सेटिंगच्या फाईलमध्ये लिहायला सुरुवात केली. त्याआधी सुरू झालेल्या किंवा तेव्हाचीच सेटिंग पुढे ओढत आलेल्या मराठी ब्लॉगांत ‘म’ हे एक अक्षर डेटाबेसच्या लेखी तीन युरोपी अक्षरं म्हणून पडलेलं असतं.

ब्लॉग चालू असेपर्यंत हे कळत नाही. टाकताना जो गैरसमज, तोच काढताना, त्यामुळे वाचकाला ‘म’च दिसतो. पण डंप काढणारं साधन शहाणपणाने त्या तीन युरोपी अक्षरांचं पुन्हा यूटीएफ-८ करतं आणि फाईलमध्ये कचरा येतो. तो ओळखायची खूण पक्की आहे. देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाच्या तीन बाइटांपैकी पहिला एकच आणि दुसरा दोनांपैकी एक असतो. म्हणून त्या कचऱ्यात दर दोन-तीन खुणांनंतर डोक्यावर तिरकी रेघ असलेला इंग्रजी ‘ए’ दिसतो, आणि त्याच्या मागे चार टोकं फुटलेलं छोटं वर्तुळ किंवा जपानी येनचं चिन्ह. हे दिसलं तर खरं म्हणजे हायसं वाटायला हवं, कारण मजकूर शाबूत आहे. डंप लॅटिन-१ म्हणूनच काढायचा आणि पुढे वाचताना तो यूटीएफ-८ आहे असं सांगायचं, की ‘म’ जागच्या जागी येतो. अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग दिसली तर मात्र त्या प्रतीतून काही मिळणार नाही. ती फाईल जतन न करता मूळ डेटाबेसकडे परत जायचं.

दुसरा धोका कमी जणांना आहे, पण ज्यांना आहे त्यांच्यासाठी मोठा आहे. मायएसक्यूएलचं जुनं ‘यूटीएफ-८’ नावालाच पूर्ण होतं, ते तीन बाइटांपर्यंतच जाई. देवनागरी त्यात मावते. इमोजी मावत नाहीत, आणि मोडीही मावत नाही. मोडी लिपी २०१४ मध्ये युनिकोडमध्ये, म्हणजे जगातल्या लिप्यांच्या सामाईक संकेतावलीत, आली आणि तिचं प्रत्येक अक्षर चार बाइटांचं आहे. जुन्या दफ्तरांवर लिहिणाऱ्या कुणी पोस्टमध्ये मोडी अक्षर घातलं, तर जुन्या तक्त्यात त्या अक्षरापासून पुढचा सगळा मजकूर तुटू शकत असे. वर्डप्रेसने २०१५ च्या एप्रिलमध्ये ४.२ पासून चार बाइटांची पद्धत घेतली. नवा डेटाबेस किंवा मधला कुठलाही टप्पा तीन बाइटांचा नाही ना, हे बघून घ्या.

आता माझ्या दऱ्या. मराठीतला तो पापणीचा र संगणकावर दोन प्रकारे लिहिला जातो. एक, ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर, त्याला हलंत, मग ‘या’. दुसरा, नेहमीचा ‘र’, हलंत, मग डोळ्यांना न दिसणारं एक जोडचिन्ह, मग ‘या’. दोन्ही पडद्यावर हुबेहूब सारखे दिसतात. जुन्या कीबोर्डांनी आपल्यातल्या कितीतरी जणांकडून दुसऱ्या प्रकारे लिहून घेतलं आहे. मी मजकूर मार्कडाउनमध्ये आणताना ‘अदृश्य चिन्हं काढा’ असा पर्याय चालू ठेवला होता, कारण इंग्रजी मार्गदर्शनात तसं करायला सांगितलं होतं. इंग्रजीत तो कचराच असतो. मराठीत ते जोडचिन्ह गेलं की उरतं र, हलंत, या. म्हणजे ‘र्या’. म्हणजे दर्या.

आणि हे नंतर शोधून-बदलून दुरुस्त करता येत नाही. सिंधुदुर्गावरच्या पोस्टमध्ये मी खराच दर्या लिहिला होता. सगळ्या ‘र्या’चं ‘ऱ्या’ केलं तर तिथला समुद्र दऱ्या होणार, ‘सूर्याला’चं ‘सूऱ्याला’ होणार. आचार्याला निमंत्रण आणि आचाऱ्याला निमंत्रण यांत कोण जेवणार आणि कोण वाढणार एवढा फरक आहे, आणि तो फरक त्या एका न दिसणाऱ्या चिन्हात साठवलेला असतो. शेवटी मी सगळं रूपांतर मूळ एक्सएमएलपासून पुन्हा केलं, तो पर्याय बंद करून.

तपासणीचा सोपा उपाय नंतर सापडला. हलवण्याआधी मूळ फाईलमध्ये ते जोडचिन्ह किती वेळा येतं ते मोजायचं, हलवल्यावर पुन्हा मोजायचं. आकडे जुळले पाहिजेत. शिवाय दहा-बारा शब्दांची एक फेरी डोळ्यांनी मारायची : कऱ्हाड, ऱ्हास, पायऱ्या, कृष्णा, ज्ञानेश्वरी, ॲप, ऑक्टोबर. ‘ॲ’ हे स्वतंत्र अक्षर युनिकोडमध्ये २००८ मध्ये आलं. त्याआधी आपण अ वर चंद्र देऊन काम भागवत होतो, त्यामुळे एकाच ब्लॉगमध्ये दोन्ही सापडतात आणि शोधताना एकाने दुसरा सापडत नाही. या सगळ्याची एकवाक्यता जरूर करावी, पण हलवताना नाही. आधी जसंच्या तसं हलवायचं, आकडे जुळवायचे, मग वेगळ्या दिवशी ही साफसफाई. दोन कामं एकत्र केली की चूक कुठल्या कामात झाली ते कळत नाही.

फोटोंच्या नावांतही हा ‘ऱ’ छळतो. मॅकची जुनी फाईलव्यवस्था फाईलच्या नावातला ‘ऱ’ फोडून ‘र’ आणि खालचा नुक्ता असा दोन तुकड्यांत ठेवत असे. सर्व्हरवरच्या लिनक्सला ते वेगळंच नाव वाटतं. ‘पायऱ्या’ नावाचा फोटो फोल्डरमध्ये दिसतो आहे, पोस्टमध्येही तेच नाव आहे, आणि तरी ब्राउझर म्हणतो फोटो नाही. जुन्या मॅकवरून फोटो नेत असाल तर हे आधी तपासा.

पत्ते

दुसऱ्याच्या ब्लॉगवर, व्हॉट्सॲपच्या निरोपात, कुणाच्या वहीत आपल्या पोस्टचा पत्ता लिहिलेला असतो. तो लिहिणाऱ्याला आपण हललो हे कळवण्याचा काहीच मार्ग आपल्याकडे नाही. म्हणून माझं स्पष्ट मत असं : डोमेन तेच राहणार असेल तर एकाही पोस्टचा पत्ता बदलू नये. ह्यूगो शीर्षकावरून नवा, सुबक पत्ता करून देऊ शकतो, त्याच्या मोहात पडायचं नाही. प्रत्येक फाईलच्या माथ्यावर जिथे शीर्षक आणि तारीख असते, तिथे जुना पत्ता जसाच्या तसा लिहिता येतो. रूपांतर करताना तो एक्सएमएलमधूनच उचलायचा.

‘जसाच्या तसा’ का, ते एका उदाहरणाने सांगते. माझ्या एका पोस्टचं शीर्षक आहे ‘हरिश्चंद्रगडावरून कोकणकडा’. तिचा पत्ता मात्र ‘हरिश्चंद्रगडावरून-कोकणक’ इथेच संपतो. ही माझी चूक नव्हती. वर्डप्रेसच्या तक्त्यात पत्त्याच्या या भागाला २०० खुणांची जागा आहे. देवनागरीचं एक चिन्ह म्हणजे तीन बाइट, आणि पत्त्यात प्रत्येक बाइट टक्क्याच्या चिन्हासकट तीन खुणांनी लिहावा लागतो. म्हणजे एका चिन्हाला नऊ खुणा. काना, मात्रा, हलंत, अनुस्वार ही सगळी वेगळी चिन्हं धरली जातात. ‘हरिश्चंद्रगडावरून’मध्ये अशी १७ चिन्हं आहेत, त्यांच्या १५३ खुणा. मधली रेघ एक. ‘कोकणक’ची पाच चिन्हं, ४५ खुणा. बेरीज १९९. पुढच्या ‘ड’ला नऊ हव्यात आणि उरली आहे एक. मग वर्डप्रेस तिथेच कात्री लावतं. मराठी शीर्षकातली साधारण २२ चिन्हं मावतात, पुढची जात नाहीत. ह्यूगोला अशी मर्यादा नाही, त्यामुळे शीर्षकावरून पत्ता करू दिलात तर तो पूर्ण ‘कोकणकडा’ लिहील, वाचायला छानच दिसेल, आणि पंधरा वर्षांचे सगळे जुने दुवे तुटतील.

तारखेचं असंच. माझ्या पत्त्यांत वर्ष, महिना आणि दिवस आहे. ट्रेकहून आल्यावर मी रात्री उशिरा लिहिते, बऱ्याच पोस्ट मध्यरात्रीनंतरच्या. एक्सएमएलमध्ये प्रत्येक पोस्टची वेळ दोन्ही प्रकारे असते, भारतीय आणि ग्रिनिचची. रूपांतराच्या साधनाने ग्रिनिचची उचलली की साडेपाच तास मागे जातात. १ जानेवारी २०१५ ला रात्री दोन वाजता टाकलेली पोस्ट ३१ डिसेंबर २०१४ च्या रात्री साडेआठची होते आणि पत्त्यातलं वर्षच बदलतं. रात्री बारा ते पहाटे साडेपाच या वेळेत टाकलेल्या सगळ्या पोस्टना हा फटका बसतो. उपाय म्हणजे भारतीय वेळ घ्यायची आणि तिच्या शेवटी ‘अधिक साडेपाच तास’ हे लिहायचं. नव्या पोस्टलाही हे लागतं. वेळेबरोबर विभाग लिहिला नाही आणि सेटिंगमध्येही सांगितला नाही, तर ह्यूगो ती वेळ ग्रिनिचची समजतो. सकाळी नऊला टाकलेली पोस्ट त्याच्या लेखी दुपारी अडीचची, म्हणजे भविष्यातली, आणि भविष्यातली पोस्ट तो बांधतच नाही. ‘पोस्ट टाकली पण दिसत नाही’ या तक्रारीमागे भारतात बऱ्याचदा हेच निघतं.

फोटोंसाठी एक युक्ती आहे. ह्यूगोच्या ‘स्टॅटिक’ फोल्डरमध्ये जे टाकाल ते जसंच्या तसं ब्लॉगच्या मुळाशी जातं. वर्डप्रेसचं अपलोड्सचं फोल्डर वर्ष-महिन्यांसकट त्याच जुन्या मार्गावर तिथे ठेवून द्या. पोस्टमधल्या फोटोंचे दुवे बदलावे लागत नाहीत आणि दुसऱ्यांनी दिलेले दुवेही चालतात. वर्डप्रेस सोडूनही मार्गात त्याचं नाव राहतं, राहू दे. एकाच फोटोच्या नावामागे लांबी-रुंदीचे आकडे लावलेल्या बारीक-मोठ्या प्रती दिसतील. जागा वाचवायला त्या काढून टाकू नका, जुन्या पोस्ट त्याच वापरत असतात.

जे पत्ते खरोखरच नाहीसे होतात, त्यांच्यासाठी सर्व्हरवर पाटी लावायची. ‘३०१’ म्हणजे कायमचं हललं, पुढे या. ‘३०२’ म्हणजे तात्पुरतं, ते इथे नको. वर्गवारीची पानं, फोटोंची स्वतंत्र पानं, आणि प्रश्नचिन्हापुढे नुसता क्रमांक असलेले छोटे पत्ते, या तिन्हींची यादी करा. छोटे पत्ते बहुतेक जण विसरतात, कारण ते आपण स्वतः कधी वापरत नाही. ह्यूगो स्वतःही पाटीचं पान करून देतो, पण ते ब्राउझरला ढकलणारं साधं पान असतं. सर्व्हर हातात असेल तर एनजिन्एक्स किंवा अपाचे या सर्व्हरच्या सॉफ्टवेअरमध्येच नियम लिहावा. लिहिताना एक जपा : टक्केवाल्या पत्त्यात ‘ई’सारखी इंग्रजी अक्षरं वर्डप्रेस लहान लिहितं, इतर ठिकाणी ती मोठीही येतात. अर्थ एकच, पण नुसती अक्षरं जुळवणाऱ्या नियमाला ते दोन वेगळे पत्ते वाटतात. नियम उलगडलेल्या देवनागरीवर चालेल असा लिहावा.

फीडचा, म्हणजे नव्या पोस्ट वाचकांपर्यंत आपोआप नेणाऱ्या फाईलचा, पत्ताही बदलतो, तिथे ३०१ लावाच. फीडमध्ये प्रत्येक पोस्टला एक ओळखक्रमांक असतो. तो बदलला तर फीड वाचणाऱ्यांना तुमच्या जुन्या पोस्ट पुन्हा नव्या म्हणून दिसतील. वर्डप्रेसचा जुना ओळखक्रमांक एक्सएमएलमध्ये असतो, तोच जुन्या पोस्टना पुढे द्यायचा.

प्रतिक्रिया

ह्यूगोमध्ये प्रतिक्रियांना जागा नाही, म्हणून पुष्कळ जण त्या सोडून देतात. माझ्याकडून ते झालं नाही. एखाद्या वाटेवरचं पाण्याचं टाकं आटलं, एखादा कातळटप्पा ढासळला, हे मला प्रतिक्रियांतूनच कळलं आहे, आणि नंतर जाणाऱ्यांना पोस्टपेक्षा त्या ओळी जास्त उपयोगी पडल्या आहेत. एक्सएमएलमधून त्या काढून प्रत्येक पोस्टखाली कायमचा मजकूर म्हणून छापता येतात. नव्या प्रतिक्रिया मी आता ई-मेलने घेते आणि हाताने जोडते.

पण इथे एक धोका आहे आणि तो नीट वाचा. एक्सपोर्टच्या फाईलमध्ये प्रतिक्रिया देणाऱ्या प्रत्येकाचा ई-मेल पत्ता आणि आयपी पत्ता असतो. लोकांनी तो तुमच्यावर विश्वास ठेवून दिलेला आहे. ही फाईल ब्लॉगच्या फोल्डरमध्ये राहिली आणि फोल्डर सार्वजनिक गिटवर (फायलींचं सामाईक कोठार) गेलं, की सगळे पत्ते जगजाहीर. रूपांतर करताना नाव, तारीख आणि मजकूर तेवढा घ्या.

प्रत्यक्ष बदलाचा दिवस

आधी जुन्या पत्त्यांची यादी. साइटमॅपमधून मिळतेच, पण सर्व्हरच्या नोंदवहीतून काढलेली जास्त खरी, कारण लोक प्रत्यक्षात काय मागतात ते तिथे असतं. मग आपल्या संगणकाच्या होस्ट्स फाईलमध्ये डोमेनपुढे नव्या सर्व्हरचा आकडा लिहायचा, म्हणजे फक्त आपल्याला नवा ब्लॉग दिसतो आणि जगाला जुना. यादीतला प्रत्येक पत्ता नव्या जागी मागून पाहायचा. उत्तर २०० (म्हणजे पान सापडलं) किंवा ३०१ आलं पाहिजे.

डीएनएसच्या, म्हणजे डोमेन कोणत्या सर्व्हरवर आहे ते सांगणाऱ्या, नोंदीची मुदत बदलाच्या दोन दिवस आधी ३०० सेकंदांवर आणावी. नाहीतर काही वाचक तासन् तास जुन्याच सर्व्हरवर जात राहतात. फक्त ब्लॉगची नोंद बदलायची. या नोंदी ठेवणारा नेमसर्व्हरच बदलणार असाल तर ई-मेलच्या नोंदी आधी नव्या जागी उतरवून घ्या. डोमेनवरची टपाल बंद पडली तर ते लगेच कळतही नाही. जुनं होस्टिंग निदान महिनाभर चालू राहू द्या. आणि निघण्याआधी इंटरनेट आर्काइव्हच्या वेबॅक मशीनमध्ये महत्त्वाची पानं जतन करून ठेवा, त्याला पैसे पडत नाहीत.

त्यानंतर मी तीन महिने रोज रात्री ‘४०४’ची, म्हणजे न सापडलेल्या पानांची यादी वाचत होते. पहिल्या आठवड्यात दिवसाला पन्नासेक ओळी येत. दर ओळीमागे कुणीतरी दारावर येऊन परत गेलेलं असतं, म्हणून एकेक नियम लिहीत गेले. शेवटी एकच ओळ पुन्हा पुन्हा येत राहिली : ‘हरिश्चंद्रगडावरून-कोकणक’ आणि त्यापुढे एक पूर्णविराम. कुणीतरी निरोपात वाक्याच्या शेवटी पत्ता लिहिला होता, आणि वाक्य संपवणारा टिंब त्या पत्त्याला चिकटून गेला होता. तो निरोप कुठल्याशा गटात अजून फिरतो आहे. त्या टिंबासाठी मी सर्व्हरवर आणखी एक ओळ लिहिली.